बोटभर फट

"इथले मुकादम कुठे भेटतील?"

खालून आवाज आला तेव्हा ती परांचीवर उभी राहून भिंतीला ओळंबा लावत होती. दोरी हलू नये म्हणून तिनं श्वाससुद्धा रोखून धरला होता, मग उत्तर कुठून देणार? पाऊसही पडू की नको, असं करत रेंगाळत होता.

"अहो ताई, मुकादम –"

"बोला."

"तुमच्याशी नाही… मुकादमांशी काम होतं."

"मग बोला म्हटलं ना."

त्यानं मान वर केली. वडिलांचा जुना सदरा घातलेली, गालावर सिमेंट सुकलेली एक मुलगी वरून त्याच्याकडे बघत होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. विटा वाहणारी बाई, माल कालवणारी बाई, थापी चालवणारी बाई… साऱ्या बायकाच. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. हा मात्र कानामागची पेन्सिल नीट करत म्हणाला, "मग भिंत डावीकडे कललीय, हेही तुम्हालाच सांगायला हवं."

"भिंत सरळ आहे. तुमची मान कललीय. पेटी दुसऱ्या खांद्यावर घ्या."

खाली खसखस पिकली. त्यानं खरोखरच हत्यारांची जड पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली, मान ताठ केली आणि भिंतीकडे पुन्हा एकदा नीट निरखून पाहिलं.

"आता सरळ दिसतेय," तो म्हणाला. "मी सुतार आहे. इथं दारं लावायची आहेत, असं कळलं."

चूक कबूल करणारा कारागीर तिनं पहिल्यांदाच पाहिला. तिनं त्याला कामावर घेतलं. कामाव्यतिरिक्त दुसरं काही कारण होतं, हे तिनं पुढे बरेच दिवस कुणालाच कबूल केलं नाही… स्वतःलाही नाही.

गेल्या साली नदी या गल्लीत शिरली आणि जाताना निम्मी गल्ली घेऊन गेली. मदत आली, नाही असं नाही. ब्लँकेटं आली, पाण्याच्या बाटल्या आल्या आणि त्यांच्यामागून कॅमेरे आले. रांगेत ती उभी होती तेव्हा एक फोटोवाला तिला म्हणाला, "ताई, हात जरा अजून पुढे करा." तिनं केला. ब्लँकेट मिळालं, पण तो पुढे केलेला हात तिला पुढे कित्येक रात्री झोपू देईना. ज्या बेकरीच्या गल्ल्यावर ती बसायची ती बेकरी वाहून गेली होती, घर गेलं होतं, आणि आता मानही गेला असं तिला वाटलं.

मग शाळेच्या व्हरांड्यात तिनं गल्लीतल्या बायकांना गोळा केलं. कपडे शिवणारी शिंपीण होती, दवाखान्यातली नर्स होती, आणि लहानपणापासून तिला वाढवणारी तिची आत्या तर पुढ्यातच बसली होती. "आजपासून हात पसरायचे नाहीत," ती म्हणाली, "हात लावायचे. आज तुझ्या घराला, उद्या माझ्या."

म्हातारे हसले. बायकांनी भिंती बांधायच्या म्हणजे झालंच कल्याण, असंही कोणी म्हणालं. पहिली भिंत पडलीसुद्धा. दुसरी तिनं स्वतःच पाडायला लावली. तिसरी उभी राहिली आणि मग गल्लीत एकामागून एक घरं उभी राहू लागली. आत्यानं तिचं नाव ठेवलं मुकादम, आणि तेच चिकटलं. तिचं स्वतःचं घर सगळ्यात शेवटी बांधायचं ठरलं होतं, तेही तिनंच ठरवलेलं. "वाढणारीनं आधी जेवू नये," एवढंच ती म्हणायची.

सुताराचं काम निराळंच होतं. पुरानं भिंती खाल्ल्या, पण दारं त्याच्या घशाखाली उतरली नाहीत. नदीच्या वळणावर ती चिखलात रुतून बसलेली सापडली. बायकांनी ती ओढून आणली, धुतली आणि शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवली. ज्याला जे ओळखेल ते त्याचं. शिंपिणीनं आपलं दार मोजपट्टी टांगायच्या खिळ्यावरून ओळखलं आणि त्या खिळ्याला धरून रडली. नर्सच्या दारावर तिच्या पोरांच्या उंचीच्या खुणा होत्या. सुतार अशी दारं तासायचा, कुजलेला भाग कापून नवी फळी जोडायचा, पण खिळ्याला आणि खुणांना हात लावायचा नाही.

हे मुकादमनं पाहिलं होतं. बघायचं नाही असं ठरवूनही पाहिलं होतं.

गल्लीतल्या सगळ्या त्याला दादा म्हणायच्या. ती मात्र 'अहो सुतार'वर अडून बसली होती. शिंपिणीच्या नजरेतून काय सुटणार?

"दादा म्हणायला काय होतं गं तुला?"

"घसा दुखतो."

"आणि 'अहो' म्हणताना दुखत नाही वाटतं?"

थापी आपटून मुकादम विटा मोजायला गेली, आणि त्या विटा तिनं दोनदा मोजल्या.

तोही काही कमी नव्हता. चौकटीचं माप एकदा घेऊन भागत असताना तिला बोलवायचा. "मुकादम, टेपचं टोक धरता का जरा?" ती टोक धरायची. टेप सरळ, मधे ताणलेली, आणि दोन्ही टोकांना दोघं विनाकारण गप्प. एकदा तो म्हणाला, "अजून जरा मागे सरका." ती सरकली. "अजून." ती सरकली. "अजून…"

"अहो, मागे भिंत आहे."

"हो, सरळ आहे ती," तो म्हणाला. हसू दाबायला तिला पदर नव्हता. सदऱ्याची बाही पुरली.

शेवटी तिच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या. तिचं दार मात्र सापडलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती शाळेच्या भिंतीशी जाऊन यायची, पण आता तिथं तुटक्या फळ्यांशिवाय काही उरलं नव्हतं. एके दिवशी ती कामावरून आली तर चौकटीत एक दार होतं. एक फळी हिरवी, एक निळी, एक करडी, मधे कुणाच्या तरी दारावरच्या कोरीव वेलीचा तुकडा.

तिनं एकेका फळीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी मागितलं नव्हतं."

"मी दिलेलंही नाही. उरलेल्या फळ्यांचं काय ते बघा, असं तुमच्या गटानं सांगितलं होतं. बघितलं."

"ही कुणाची दारं आहेत?"

"कुणीच ओळखली नाहीत, म्हणजे सगळ्यांचीच."

तिनं दार लावून पाहिलं. आवाज न करता ते चौकटीत बसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघायला नको म्हणून की काय, तो बिजागरीत तेल सोडत बसला. मग खाली बघतच म्हणाला, "नदीच्या खालच्या अंगाला वस्ती आहे. तिकडंही पुरानं वाट लावलीय. शब्द दिलाय. उद्या निघेन म्हणतो…"

वाक्य संपल्यासारखं वाटत नव्हतं. राहा, एवढी दोनच अक्षरं तिच्या जिभेवर आली आणि तिथंच थांबली. रांगेतला तो हात तिला आठवला. आपल्यासाठी काही मागायचं म्हटलं की तो असा आडवा यायचा.

"चांगलं काम आहे," ती म्हणाली. "जायलाच हवं."

संध्याकाळी आत्या आत दिवा लावत होती. मुकादम दाराशी आली, तांब्यातलं पाणी दाराच्या खालच्या कडेवर हळूच ओतलं आणि चोरासारखी आत पळाली. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, हे तिला त्यानंच शिकवलं होतं.

सकाळी तो निरोप घ्यायला आला तर दार उंबरठ्याला घासत होतं.

"असं सोडून गेलो तर माझं नाव खराब होईल," म्हणत त्यानं पेटी उतरवली, रंधा काढला, दार तासलं. दिवस गेला. रात्रभर मुकादमला स्वतःची लाज वाटत राहिली. एवढ्या गल्लीला ताठ उभं करणारी बाई, आणि दाराला पाणी पाजते. तिनं पुन्हा तांब्याला हात लावला नाही.

तरी दुसऱ्या सकाळी दार घासलंच. त्यानं पुन्हा तासलं. आणि तिसऱ्या सकाळी तर ते उघडता उघडेना; त्यानं बाहेरून खांदा लावला तेव्हा कुठे उघडलं.

ती चहाचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा तो गुडघ्यावर बसून दाराची कड चाचपत होता. पायाशी तासलेल्या लाकडाच्या पांढऱ्या वळ्या पडल्या होत्या.

"पुन्हा?" तिनं विचारलं.

"पुन्हा. गंमत म्हणजे वरून कोरडं आहे. फक्त खालून फुगतं. इथला पाऊस खालून वर पडतो वाटतं."

तिचे कान तापले. पण ती मुकादम होती, हार मानणारी नव्हती. "पहिल्या दिवसाचं मला विचारा," ती म्हणाली. "काल कुणी ओतलं?"

त्यानं रंध्याच्या पात्यावरचा भुसा फुंकला.

"काल मी," तो म्हणाला. "मला वाटलं, तू दाराला सांगतेयस, तर आपणही दारालाच उत्तर द्यावं."

तू. किती सहज म्हणाला तो. तिच्या हातातला चहा कपाच्या काठावरून सांडला.

"आणि आज?"

"आज मी नाही. तू?"

"मीही नाही."

दोघांनी एकदमच आत बघितलं. आत्या चुलीपाशी पाठमोरी बसली होती, आणि पाठमोऱ्या माणसाचे खांदे हसताना हलतात ते काही लपत नाहीत.

"माझ्याकडे काय बघता?" ती न वळताच म्हणाली. "दोघंही तोंड असलेली माणसं, आणि बोलत बसलात लाकडाशी. म्हटलं, तुमचं बोलणं होईपर्यंत दारालाच कोरड पडायची."

तो हसला, मग गंभीर झाला. "त्या लोकांना शब्द दिलाय गं. त्यांची दारं पडून आहेत. जायला तर हवं."

"जा ना," ती म्हणाली. "पण दारं काय हवेत लावणार आहेस? भिंती कोण बांधणार? तिथल्या बायकांना ओळंबा धरायला कोण शिकवणार?"

हे बोलताना तिचं तिलाच उमगलं की असं बोलू शकणारी माणसं आता या गल्लीत राहतात. साल झालं नाही, ब्लँकेटसाठी रांगेत उभ्या होतो, आणि आज दुसऱ्यांना उभं करायला निघालोय. तिची छाती भरून आली. "सकाळच्या बसनं आम्ही सगळ्याच येऊ," ती म्हणाली. "तास-दीड तासाचा रस्ता. संध्याकाळी परत. मी परत येणार, आत्या इथं आहे, घर इथं आहे. हे घर मी सोडणार नाही…"

"मी कुठं सोड म्हणालो?"

"तू काहीच म्हणाला नाहीस."

"आणि तू?"

बिजागरीवर एक माशी बसली होती. तिनं तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. कप उंबरठ्यावर ठेवला. आणि मग, त्या रांगेनंतर पहिल्यांदाच, स्वतःसाठी, तिनं हात पुढे केला. चुन्यानं पांढरा झालेला, थापीनं घट्टे पडलेला. तिनं तो मागे घेतला नाही.

"राहा," ती म्हणाली. "संध्याकाळी इथं परत येत जा… रोज. मी मागतेय."

त्यानं हाताकडे बघितलं. मग वाकून हत्यारांची पेटी उचलली आणि पेटीची एका बाजूची मूठ तिच्या हातात दिली.

"आत ठेव. जड आहे, सांभाळून."

"मी विटा उचलते."

"म्हणून तर देतोय," तो म्हणाला. पण दुसऱ्या बाजूची मूठ त्यानं सोडली नाही, आणि पेटी दोघांनी मिळूनच उंबरठ्याच्या आत नेली.

"लोक मला घरजावई म्हणतील हं, आत्या," तो आत जाताजाता म्हणाला.

"म्हणू देत. गेल्या साली आम्हाला घर नव्हतं आणि जावईही नव्हता. आता दोन्ही एकदम म्हणतायत, तर वाईट कशाला वाटून घ्यायचं?"

त्या वर्षी खालच्या वस्तीत भिंती उभ्या राहिल्या आणि त्या भिंतींत दारंही बसली. तिथल्या बायका आता आणखी पुढच्या गावाला जातात, ओळंबा आणि थापी घेऊन.

गल्लीतली सगळी दारं अजून चौकटीत अशी बसतात की मधे कागद सरकणार नाही. फक्त त्या हिरव्या-निळ्या दाराचं लाकूड पुढे वाळलं आणि तीनदा तासल्यामुळे खाली बोटभर फट राहिली. तिथून सकाळी ऊन येतं, थंडीत वारा येतो, शेजारची मांजर तर हक्कानं येते. नवीन माणूस आला की हटकून विचारतो, एवढा नावाजलेला सुतार, आणि स्वतःच्याच दाराला फट?

सुतार पेन्सिल शोधायला लागतो. मुकादम ओळंब्याची दोरी गुंडाळायला लागते. उत्तर द्यायचं काम आत्याचं असतं.

"बुजवायची नाही ती," ती अभिमानानं सांगते. "आमचा जावई तिथूनच आत आलाय."