पालकाची चौकट

डेटाबेस म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी सांगतो, कपाट. कुठल्या कप्प्यात काय ठेवायचं आणि कुठला कप्पा कुठल्या कप्प्याला जोडलेला असेल, हे कपाट बनवण्याआधी कागदावर काढून द्यायचं, हा माझा धंदा. सत्तावीस वर्षं करतोय. लोक आधी कपाट बनवतात, मग सामान मावत नाही म्हणून माझ्याकडे येतात, आणि वर विचारतात, उद्यापर्यंत होईल ना? त्यामुळे माझं डोकं कायम तापलेलं असतं. बायको म्हणते, आधीपासून तसंच होतं, उगाच धंद्याला बोल लावू नकोस.

या कॉलेजचं काम आलं तेव्हा मला दुसऱ्या मजल्यावरची जुन्या रजिस्टरांची खोली मिळाली. लोखंडी कपाटं, खळीचा वास, सायकल स्टँडवर उघडणारी एक खिडकी. दिव्याचं बटण कुण्या शहाण्यानं दाराच्या बाहेर बसवलेलं. कार्यालय अधीक्षक बाई येता-जाता सवयीनं ते बंद करायच्या. मी आतून ओरडायचो, "अहो, मी आहे!" की बाई हसत पुन्हा लावायच्या. दिवसातून दोनदा तरी हे व्हायचं.

या बाईंना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि कॉलेजचा कण न् कण पाठ होता. भिंतीवर मी मोठा कागद चिकटवला होता. त्यावर चौकटी काढल्या: विद्यार्थी, शिक्षक, विषय, ग्रंथालय, पालक. चौकटींमधून रेघा. कोण कुणाशी जोडलेलं, एकाशी एक की एकाशी अनेक, जोडणं सक्तीचं की ऐच्छिक. बाई चहाचा कप घेऊन त्या कागदापुढे उभ्या राहायच्या आणि माझ्या चुका काढायच्या. विद्यार्थ्याला दोन पालक जोडायची सोय मी ठेवली होती, ती त्यांनी खोडायला लावली. म्हणाल्या, दोन नावं लिहिली की सभेला दोघंही येत नाहीत, प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. एका मुलाला एकच पालक ठेवा. मला पटलं. विद्यार्थी आणि पालक यांच्यामध्ये मी दुहेरी रेघ ओढली. दुहेरी म्हणजे सक्तीची. पालकाशिवाय विद्यार्थी नाही, आणि पालक एकच.

आराखडा झाला की कपाट रिकामंच तपासता येत नाही, एखादा नमुन्याचा कपडा ठेवून बघावा लागतो. बाकीचे लोक अबक, कखग असलं काहीतरी टाकतात. मी नेहमी एकच नोंद टाकतो. नाव ठमी. जन्मतारीख खरी.

त्या तारखेला आम्हाला मुलगी झाली आणि त्याच दिवशी गेली. पोटात होती तेव्हा बायको तिला ठमी म्हणायची. बाळंतपण अवघड झालं, बायको दीड दिवस शुद्धीवर नव्हती. दवाखान्यानं पुढे केलेल्या कागदावर मी सही केली आणि तिला शुद्ध येण्याआधी सगळं उरकून टाकलं. वाटलं, तिला त्रास नको. तिनं मुलीला पाहिलंसुद्धा नाही. थांबायला हवं होतं, हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं. एकोणीस वर्षं झाली तरी ते तोंडातून निघालं नव्हतं.

त्यानंतरच्या प्रत्येक कामात ठमी असायची. दवाखान्याच्या कामात पेशंट, वाचनालयाच्या कामात सभासद, बस डेपोत पासधारक. वय बरोबर वाढत जायचं, त्याचा हिशेब यंत्रच करतं. काम सोपवायच्या दिवशी मी तिला पुसायचो. घरी याचा एक शब्द माहीत नव्हता.

इथं ती पहिल्या वर्षाला, विज्ञान शाखेत, ब तुकडीत. पालक म्हणून माझं नाव, फोन घरचा. बाईंनी पहिल्या वर्षाचे पाचशे बारा प्रवेश अर्ज संगणकात भरून घेतले होते. ठमी धरून पाचशे तेरा झाले. तीन आठवडे शिक्षकांनी हजेरी नव्या पद्धतीनं घ्यायची, असं ठरलं.

तीन आठवड्यांनी मी हजेरी काढून पाहिली. ठमी पंधरापैकी तेरा दिवस हजर.

मला हसू आलं. शिक्षक डोळे मिटून बरोबरच्या खुणा करत सुटतात, हे काही मला नवीन नाही. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी रसायनशास्त्राच्या सरांकडे गेलो. त्यांनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, "शेवटचा नंबर ना? येते की. डावखुरी आहे. वही इतकी तिरकी धरते, शेजारणीला कोपर लागतं. जागा बदलायला सांगणार आहे."

बायको डावखुरी आहे. घरी बसून मुद्रितशोधन करते, पुस्तकांच्या छपाईआधीच्या चुका शोधायच्या, ते काम. कागद तिरका धरते, अक्षर मागे रेललेलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर एका ताटाचा चमचा डावीकडे असतो, एकाचा उजवीकडे. लग्नानंतर पहिले सहा महिने मी तिचा चमचा चुकीच्या बाजूला ठेवत होतो आणि रोज बोलणी खात होतो.

पण डावखुऱ्या मुली काय कमी असतात? सर दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. तरी ग्रंथालयात जाऊन वाचनकक्षाचं सह्यांचं रजिस्टर पाहिलंच. मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं. नाव लिहिलेलं होतं. अक्षर मागे रेललेलं.

बुधवारी ब तुकडीचं प्रात्यक्षिक होतं. मी प्रयोगशाळेच्या दारातल्या काचेतून पाहिलं. यादीत पंचवीस जण होते. मी तीनदा मोजले, चोवीस भरले. शेवटच्या स्टुलावर कुणी नव्हतं. टेबलावर वही उघडी होती, तिरकी. समोर बर्नर पेटलेला. शेजारची मुलगी लिहिता लिहिता थांबली, तिनं आपलं कोपर आवरून घेतलं आणि पुन्हा लिहू लागली.

मी जिना उतरून सायकल स्टँडवर जाऊन बसलो. माणसानं अशा वेळी काय करायचं असतं? मी घड्याळ पाहिलं, चार वाजले होते. घरी गेलो.

बायको टेबलाशी बसली होती. समोर कागदांचा गठ्ठा होता, पण पेन टोपण लावून बाजूला ठेवलेलं. तिचं पेन दिवसा कधी बंद नसतं.

"कॉलेजातून फोन होता," ती म्हणाली. "परवा पालकसभा आहे. ठमीच्या पालकांना बोलावलंय."

मी सगळं सांगितलं. नमुन्याची नोंद, हजेरी, सह्या, स्टूल. मग त्याच्या मागचं, एकोणीस वर्षांचं. कागदावर मी कशी सही केली, किती वाजता, पेन कुणाचं होतं. तिच्यासाठी थांबायला हवं होतं, हेही शेवटी म्हटलं. बोलताना माझा आवाज फुटला, आणि मला त्याची लाज वाटली नाही. ती ऐकत राहिली. चुका शोधताना वाचते तशी, एक शब्द न सोडता.

"किती वेळा पुसलंस तिला?"

"अकरा."

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"या वेळी पुसायचं नाही," ती म्हणाली. "पालक म्हणून कोण आहे?"

"मी."

"मला कर. सही माझी हवी होती. तेव्हाही."

सभेच्या दिवशीच काम सोपवायचं होतं. सकाळी बाई वर आल्या, चष्मा नाकावर, हातात गठ्ठा. अर्ज पाचशे बारा आणि संगणकात पाचशे तेरा, एक नोंद जास्त आहे, म्हणाल्या. पाचपर्यंत अर्ज दाखवा, नाहीतर नोंद काढा. चुकीच्या आकड्याखाली मी सही करणार नाही. बाईंचं चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर आरडाओरडा केला असता. मी म्हटलं, बघतो. नसलेला अर्ज कुठून आणणार होतो, देव जाणे. पण पुसणार नाही, एवढं पक्कं होतं. काम हातचं गेलं तरी चालेल.

आधी बायकोला दिलेला शब्द पाळू म्हटलं. ठमीची नोंद उघडली, पालकाच्या चौकटीत माझं नाव खोडून तिचं घातलं. संगणक अडला. पालक बदलण्याचं कारण निवडा.

ही सक्ती मीच घातली होती. कारणांची यादी मात्र भरलेली नव्हती. बदली, विभक्त, परगावी, असली आठ-दहा कारणं बाईंनी लिहून दिली होती, तो कागद माझ्याच खणात पडून होता. तपासणीपुरतं एकच कारण मी टाकून ठेवलं होतं, हाताला आलं ते, कागदावरचं शेवटचं. बाकीची नंतर टाकू. आमच्या धंद्यातली निम्मी पापं या 'नंतर टाकू'मधून होतात.

आधीचे पालक हयात नाहीत.

खरं तर पाच मिनिटांचं काम होतं. यादी भरायची, योग्य कारण निवडायचं. पण मला घाई झाली होती. नमुन्याची तर नोंद आहे, संध्याकाळी दुरुस्त करू, असं म्हणून मी तेच कारण निवडलं. हिरवी पट्टी आली. नोंद बदलली.

दुपारी कँटीनमध्ये चहा मागितला. मुलांची गर्दी होती, काउंटरवरच्यानं लक्ष दिलं नाही. दोनदा मागून मी नाद सोडला. जिन्यात रसायनवाले सर भेटले, विचारात होते, तसेच पुढे गेले.

साडेतीनला खिडकीतून बायको येताना दिसली. तिनं ठेवणीतली निळी साडी नेसली होती. मी वरून हात केला. तिनं वर पाहिलं, खिडकीकडेच पाहिलं, आणि चालत राहिली.

मी खाली गेलो तोवर ती सभेच्या रजिस्टरवर सही करून आत गेली होती. बाई टेबलाशी उभ्या होत्या, चेहरा उजळलेला. शिपाईमामांना सांगत होत्या की पाचशे तेरावा अर्ज सापडला, रसायनच्या फायलीत अडकून बसला होता, आणि बिचाऱ्या सॉफ्टवेअरला उगाच नावं ठेवली.

माझा जीव भांड्यात पडला. ठमीला आता कुणी पुसणार नव्हतं. मी बाईंच्या खांद्यावरून अर्ज पाहिला.

मागे रेललेलं अक्षर. कॉलेजचा जूनचा शिक्का. फोटोतल्या मुलीचं कपाळ माझं होतं, अगदी माझं. मी तिला एकदाच पाहिलं होतं, तेव्हाही तेवढंच ओळखू आलं होतं.

पालक म्हणून बायकोची सही. वडिलांच्या रकान्यात दोन शब्द. हयात नाहीत.

"बाई," मी म्हटलं, "हे कधी भरलं?"

बाईंनी अर्ज फायलीत लावला. "पाचशे तेरा. जमलं एकदाचं," असं स्वतःशीच म्हणून त्या फाईल घेऊन गेल्या.

मी धावत वर आलो. कारण बदलायचं, बस. पाच मिनिटांचं काम. खणातून बाईंचा कागद काढला, खुर्चीत बसलो, संगणकात शिरायला माझं नाव टाकलं. असा वापरकर्ता नाही. पुन्हा टाकलं. असा वापरकर्ता नाही.

जिन्यावर बाईंची पावलं वाजली. दारापाशी थांबली. बटणाचा आवाज झाला आणि दिवा गेला.

"अहो, मी आहे!"

पावलं जिना उतरून गेली.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून बायकोचं गुणगुणणं ऐकू आलं. एकोणीस वर्षांत ती गुणगुणलेली मला आठवत नाही. मोरीत नळ सुरू होता, कुणीतरी हात धूत होतं. बायकोनं आतूनच विचारलं, पेपर कधीपासून आहेत गं? उत्तर हळू आवाजात आलं, मला नीट ऐकू आलं नाही.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. राग यायला हवा होता, आला नाही.

टेबलावर रोजच्यासारखी दोन ताटं मांडलेली होती. दोन्ही चमचे डावीकडे होते.