मे महिन्याचा भाव

बियरच्या लहान ग्लासवर, काठापासून दोन सेंटिमीटर खाली, एक बारीक पांढरी रेघ असते. रेघेपर्यंत बियर, रेघेच्या वर फेस, असा कायदाच आहे. हजारो वेळा धुतल्यावर ही रेघ झिजत जाते. झेन्झीकडे असा एक ग्लास आहे की त्याच्यावरची रेघ आता ग्लास उजेडात तिरका धरला तरच दिसते.

'गाम्स' या तिच्या बारमधले बाकीचे ग्लास आजवर तीनदा बदलले. खडूच्या फळ्याच्या जागी चकाकता पडदा आला. लहान बियरला आता पाच युरो पडतात आणि पाहुणे हूं की चूं न करता देतात. हा ग्लास मात्र वरच्या फळीवर एकटाच असतो. हिवाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी झेन्झी तो उतरवते, धुते, पुसते आणि परत ठेवते. मग थोडा वेळ तिचं हातातल्या कामाकडे लक्ष नसतं...

तेव्हा ऑस्ट्रियात युरो नव्हता, शिलिंग चालत होते. झेन्झी चोवीस वर्षांची होती.

डिसेंबर महिना. डोंगरावर जाणारी स्कीची लिफ्ट चारला बंद झाली होती आणि सव्वाचारला 'गाम्स'मध्ये उभं राहायला जागा नव्हती. काचांवर वाफ, हीटरवर वाळत घातलेले हातमोजे, ओल्या लोकरीचा वास. दोन डच पोरं स्कीचे जड बूट घालून बाकावर नाचत होती आणि प्रत्येक ठेक्याला फळीवरच्या बाटल्या किणकिणत होत्या. त्या गर्दीतून वाट काढत एक उंच मुलगा काउंटरपाशी आला. भुवयांवर बर्फ होता, आणि छातीच्या खिशात एक वही.

"एक लहान बियर द्याल का?"

"द्याल?" झेन्झीने मान वर केली. "कुठून आलास तू?"

"पूर्वेकडून. नॉयझीडलच्या तळ्याकाठी आमचं गाव आहे. लिफ्टच्या खालच्या स्टेशनवर कामाला लागलोय, आजपासूनच. तुम्हाला—"

"हे बघ, हजार मीटरच्या वर कुणी कुणाला तुम्ही म्हणत नाही. आपण चौदाशे वीसवर आहोत."

"म्हणजे शेवटचे चारशे वीस मीटर मी उगाच अदबीने चढलो?"

ती हसली. हसताना नळावरचा हात जरा उशिरा उचलला गेला. त्याने ग्लास घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि गंभीरपणे म्हणाला, "रेघेच्या वर दोन मिलिमीटर आहे."

"फेस असेल."

"फेस वेगळा धरलाय मी."

झेन्झीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती मोजून ओतणारी होती, रेघेच्या वर नाही की खाली नाही. एवढ्या वर्षांत हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि याने पहिल्याच दिवशी चूक पकडली.

"चौतीस शिलिंग," ती तुटकपणे म्हणाली.

त्याने मोजून सुटे ठेवले. शेजारी बसलेल्या फेर्डलने तसाच ग्लास रिकामा केला आणि पंचवीस ठेवले. फेर्डल म्हणजे गावाचा जुना स्की-मास्तर. त्याच्याआधी त्याचे गुडघे निवृत्त झाले होते.

"ह्यांना पंचवीस?" मुलाने विचारलं.

"तो गावचा आहे," झेन्झी म्हणाली.

"गावचं व्हायला काय लागतं? इथे जन्म घ्यावा लागतो?"

"जन्माचं काय घेऊन बसलास!" फेर्डल म्हणाला. "मी जन्मलो पलीकडच्या दरीत. मे लागतो, पोरा. अख्खा मे महिना. एप्रिलात लिफ्ट बंद, हॉटेलांना कुलपं, निम्मं गाव समुद्राकडे पळतं. जो मागे राहतो तो आपला. झेन्झीच्या आजोबांनी लावलेला नियम आहे. फळ्यावर सापडायचा नाही."

"आणि मे महिन्यात इथे असतं काय?"

"काहीच नसतं," झेन्झी म्हणाली आणि धुतलेलाच ग्लास परत धुवायला घेतला.

त्याचं नाव एमरिख.

मे महिन्यात काय असतं हे झेन्झीइतकं कुणाला माहीत होतं? चिखल असतो. बर्फ जातो आणि खालचं सगळं उघडं पडतं. तुटक्या काठ्या, हरवलेले मोजे, पिवळं गवत. धुकं खाली येतं ते आठवडाभर हलत नाही. ती नऊ वर्षांची असताना, अशाच एका मे महिन्यात, तिची आई दोन बॅगा घेऊन सकाळच्या बसने लिंझला माहेरी गेली, ती परत आली नाही. पायऱ्यांखालच्या चिखलात तिच्या बुटांचे ठसे उमटले होते. अकरा ठसे. सहाव्या दिवशी पाऊस पडला तोवर झेन्झी रोज ते मोजत होती.

बाबांनी नक्कीच हातापाया पडून पाहिलं असणार, आई तरीही गेली... हे तिने त्या वयात ठरवून टाकलं होतं. आणि त्यापुढचंही ठरवलं होतं, की आपण कधी कुणाला 'राहा' म्हणायचं नाही. ज्याला जायचं तो जातोच.

एमरिखही जायचा. एप्रिल आला की त्याचा पाय निघायचा. घरी द्राक्षमळा होता आणि वडील थकलेले. "द्राक्षांना रजा नसते," तो म्हणायचा. पण डिसेंबरात, पहिल्या आठवड्याच्या आत, सव्वाचारला दार उघडायचं आणि गर्दीच्या वर त्याची टोपी दिसायची.

रोज सकाळी सातला तो स्टेशनजवळच्या मोजपट्टीवर बर्फाची उंची पाहून वहीत लिहायचा. संध्याकाळी तो आकडा झेन्झीला सांगायचा आणि ती तो फळ्यावर, भावांच्या खाली लिहायची. हळूहळू त्याचा एक खेळच झाला.

"आज किती असेल? सांग बघू."

"एकशे बारा."

"एकशे चौदा. जवळ आलीस."

"तुझी पट्टी तिरकी असेल."

"माझी पट्टी सरळ आहे. तुझा हात तिरका आहे. बघ, आज पुन्हा दोन मिलिमीटर."

"नको असेल तर सांग, परत ओतते."

"राहू दे... आता उष्टं केलंय मी."

समोर छत्रीसारख्या छपराचा नवा बार निघाला होता. तिथे दिवे फिरायचे आणि याच बियरचे पन्नास शिलिंग घ्यायचे. लिफ्टवरची बाकीची पोरं तिकडे गेली. एमरिख गेला नाही. "तिकडे रेघेच्या खाली ओततात," तो म्हणायचा. पण पाहुण्यांचा भाव मात्र तो निमूट देत राहिला, पै न् पै सुटी करून.

दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ थांबेचना. रस्ता सहा दिवस बंद होता. पाहुणे हॉटेलांत अडकले आणि वीज गेली. 'गाम्स'मध्ये मेणबत्त्या लावून चौघं-पाचजण पत्ते खेळत बसले. तिसऱ्या दिवशी फेर्डल म्हणाला, "झेन्झी, अगं रस्ता उघडेपर्यंत तरी पोराला आपला भाव लाव. आपल्याबरोबर अडकलाय बिचारा."

झेन्झीने एमरिखकडे पाहिलं. मेणबत्तीच्या उजेडात त्याचे डोळे तिच्यावरच होते. तिच्या ओठांवर आकडा आला होता... पण ती मेणबत्तीची वात नीट करायला वळली.

"राहू दे, मास्तर," एमरिख पत्ते पिसत म्हणाला. "अडकलेल्याचं काय कौतुक? आपणहून राहीन तेव्हा बघू."

'राहीन' तो म्हणाला होता. झेन्झीने तो शब्द पुढे तीन हिवाळे जपून ठेवला, पण त्याचं काय करायचं हे तिला सुचलं नाही.

पाचव्या हिवाळ्यात शिलिंग गेला आणि युरो आला. एक जानेवारीला दुपारी तिचे वडील आल्बान यांनी फळा पुसला आणि खडू तिच्या हातात दिला. "मला ह्या नव्या पैशाचं काही कळत नाही. ह्यापुढे भाव तू ठरवायचास. दोन्ही."

झेन्झीने गणित केलं. पाहुण्यांचे छत्तीस शिलिंग झाले दोन युरो साठ. गावचे सव्वीस झाले एक नव्वद. फेर्डलने कागदाच्या कपट्यावर, शिलिंगाचे शंभर ग्रोशेन धरून, उलटा हिशोब केला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, परक्याला बावीस ग्रोशेननी स्वस्त आणि आम्हाला चौदा ग्रोशेननी महाग! ह्यालाच युरोप म्हणतात का?"

"तुझ्या उधारीचे ग्रोशेन मांडू का मी?" आल्बान आतून ओरडले.

एमरिख एवढा हसला की फेस त्याच्या नाकाला लागला. झेन्झीने फडकं पुढे केलं. फडकं घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच वेळ थांबली... चार सेकंद. तिने मोजले होते.

मार्चच्या शेवटी एक दिवस तो आला आणि आकडा सांगायचाच विसरला.

"घरून फोन होता," तो म्हणाला. "बाबा मळ्याची वाटणी करतायत. मी घेतला तर माझा, नाहीतर रेझीचा. बहिणीला आणि मेव्हण्याला हवाच आहे. रविवारी सांगायचंय."

"घेतलास तर?"

"तर पुढच्या हिवाळ्यात येणं नाही. मळा एकट्याने बघायचा म्हणजे बारमाही काम. आणि इकडे लिफ्टवाले वर्षभराची नोकरी देतायत. तेही रविवारपर्यंतच थांबणार." तो ग्लास गोल फिरवत राहिला. मग खाली बघतच, सहज विचारल्यासारखं बोलला, "झेन्झी... मे महिन्यात इथे खरंच काही नसतं?"

"चिखल असतो," ती म्हणाली. "धुकं असतं. माझी आई मे महिन्यातच गेली."

त्याने मोजून दोन युरो साठ ठेवले आणि टोपी घालून निघून गेला. त्या दिवशी फळ्यावर बर्फाचा आकडा नव्हता.

शनिवारी दुपारी पाहुणे डोंगरावर होते. झेन्झी आणि आल्बान ग्लास पुसत होते. आल्बान मुळात कमी बोलणारे. एक ग्लास पुसून ठेवला, दुसरा घेतला आणि म्हणाले, "पोरगा उद्या जाणार म्हणे."

"ज्याला जायचं तो जातोच, बाबा. तुला माहीतच आहे. तू आईला किती विनवलं असशील—"

आल्बान यांचा हात थांबला.

"मी?" ते म्हणाले. "मी एक शब्द बोललो नाही गं."

"म्हणजे?"

"मी जिन्यात उभा होतो. ती बूट घालत होती. एका बुटाची नाडी तिने तीनदा सोडली आणि तीनदा बांधली. मी म्हटलं, ज्याला राहायचं तो आपणहून राहतो. आपण का तोंड उघडायचं?" त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला, जणू त्यावर अजून डाग होता. "एवढी वर्षं मी मे महिन्यालाच दोष देत आलो. सोपं पडतं ते."

झेन्झीला पुन्हा ते अकरा ठसे दिसले. शेवटचे दोन बसच्या दिशेने नव्हते. ते घराकडे वळलेले होते. नऊ वर्षांच्या मुलीने ते मोजले होते खरे, पण त्यांचा अर्थ तिला लागला नव्हता.

रविवारी हंगाम संपला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी फळा ओल्या स्पंजाने पुसायचा आणि पिंपातली उरलीसुरली बियर गावाने संपवायची, ही रीत. सव्वाचारला ऊन अजून खिडकीत होतं, पागोळ्या टपटपत होत्या आणि 'गाम्स'मध्ये गावचीच माणसं होती. दार उघडलं. एमरिखच्या खांद्यावर बॅग होती.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "शेवटचा आकडा."

"मी अडतीस धरले होते."

"चुकलीस."

"हो," झेन्झी म्हणाली. "चुकले."

तिने ग्लास नळाखाली धरला, वरच्या फळीवर आज एकटा असतो तोच. बियर रेघेपर्यंत आली, रेघेच्या वर गेली, आणि तिने हात उचलला नाही. फेस काठावरून तिच्या मनगटावर ओघळला.

"हे दोन मिलिमीटर नाहीत," एमरिख हळूच म्हणाला.

"मला दिसतंय."

त्याने नेहमीसारखी नाणी मांडली. दोन युरोचं एक, पन्नास सेंटचं एक, दहाचं एक. झेन्झीने दोनचं नाणं घेतलं. पन्नास आणि दहाचं बोटाने परत त्याच्याकडे सरकवलं. मग गल्ल्यातून आणखी दहा सेंटचं नाणं काढून त्याच्या शेजारी ठेवलं.

"एक नव्वद," ती म्हणाली.

फेर्डलचा ग्लास ओठांपर्यंत जाता जाता थांबला. मागे आल्बान यांच्या हातातला स्पंज फळ्यावर तसाच टेकून राहिला आणि पाण्याचा एक ओघळ भावांवरून खाली आला.

एमरिखने त्या तीन नाण्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "झेन्झी... हा भाव तर—"

"कुणाचा आहे ते मला माहीत आहे."

"चिखल असतो म्हणालीस."

"असतो. घोट्यापर्यंत."

"आणि धुकं. आणि सगळं बंद."

"सगळं. फक्त हे दार उघडं असतं." तिने ओला हात ॲप्रनला पुसला आणि काउंटरच्या कडेवर घट्ट ठेवला. "तू अडकलास म्हणून नाही, आणि बियर स्वस्त पडेल म्हणूनही नाही. मी कधी कुणाला हे म्हटलेलं नाही, एमरिख, म्हणून नीट ऐक. पुन्हा म्हणायची हिंमत होईल की नाही, माहीत नाही..."

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"राहा," झेन्झी म्हणाली. "मे महिन्यात राहा. माझ्याजवळ राहा."