थोरला निजला

अण्णा जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि त्यांचा धाकटा मुलगा बारकू वहिनींच्या दारात उभा होता. नखांत दगडाची भुकटी अजून तशीच.

वहिनी खासगी तपास करत, आणि सगळ्यांच्याच त्या वहिनी होत्या. त्यांचे सख्खे दीर, भाऊजी, त्यांची गाडी चालवत आणि उरलेल्या वेळात चुकीचे तर्क काढत.

बारकूचं म्हणणं थोडक्यात असं. अण्णा सूर्यघड्याळं घडवायचे. अंगणातल्या घड्याळाला रंग देताना ते शिडीवरून पडले आणि जागीच गेले. पोलिसांना फरशीवर ताजे ओरखडे दिसले. शिडी घसरली नव्हती, कुणीतरी हिसकली होती. परगावी राहणारा दादा त्या दिवशी आला होता. बाराला मी निघालो तेव्हा अण्णा शिडीवर धडधाकट होते, असं त्यानं सांगितलं. त्यानंतर घरात एकटा बारकूच होता.

“उद्या चौकीत बोलावलंय,” बारकू म्हणाला. “परत येईन असं दिसत नाही. दादाला खोटं पाडायचं नाही मला. पण मी अण्णांना हात लावला नाही, वहिनी.”

तिघं बारकूच्या घरी पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. अंगणाच्या मधोमध एक उंच, मोकळी भिंत उभी होती. तिच्यातून एक पितळी कांब तिरपी बाहेर आली होती. तो शंकू, त्याची सावली रेघांवरून फिरे आणि वेळ सांगे. अर्ध्या रेघा ताज्या रंगवलेल्या, अर्ध्या विटलेल्या.

भाऊजी गाडीतून उतरले ते थेट त्या घड्याळाखाली पाठ टेकून बसले. दगड कसा गार आहे म्हणून त्यांनी समाधानानं डोळेही मिटले.

भिंत कधीची, असं वहिनींनी विचारलं. दादा घर सोडून गेल्यावर अण्णांनी आणि बारकूनं ती मिळून उभारली होती. दादा फक्त थंडीच्या सुट्टीत यायचा. उन्हाळ्यात आला तो या वर्षी पहिल्यांदा. भिंतीच्या मागच्या अंगाला आणखी एक, लहान घड्याळ होतं.

“हा थोरला, मागचा धाकटा,” बारकू म्हणाला.

“घड्याळांना नावं ठेवणारी माणसं प्रथमच पाहिली,” डोळे न उघडता भाऊजी म्हणाले.

“नावं ठेवत नाही हो. नाव ठेवलंय.” बारकू हसला आणि लगेच हसायचा थांबला. मग अण्णा काम करताना गुणगुणायचे त्या दोन ओळी त्यानं हलक्या आवाजात म्हटल्या.

थोरला निजला, उन्हाळ्याच्या दारी
धाकट्याच्या हाती, सावलीची दोरी

थोरला निजला की मगच त्याला रंग द्यायचा, अशी या घरची पद्धत होती.

गल्लीच्या तोंडाशी पाथरवटाचं दुकान होतं. त्या दिवशी सकाळभर बारकू त्याच्याकडे दगड निवडत होता. ऊन असं की छिन्नी हातात धरवेना, पाथरवट सांगत होता. कारखान्याचा बाराचा भोंगा झाला तसा बारकू बाजूच्या दारानं कामाच्या खोलीत गेला, आणि त्याच वेळी दादा पुढच्या फाटकातून बाहेर पडला. पाथरवटानं हाक मारली, पण त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मग दगड घासायच्या यंत्राची घरघर सुरू झाली. बारकू अण्णांना जेवायला बोलवायला गेला तेव्हाच ती थांबली.

“म्हणजे बाराआधी अण्णांजवळ दादा, बारानंतर हा,” भाऊजी म्हणाले. “सगळं बारावर येऊन अडलं.”

“आज पहिल्यांदा बरोबर बोललात,” वहिनी म्हणाल्या.

दादा आतल्या खोलीत बसला होता. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. अण्णांना कायमचं आपल्याकडे न्यायला आलो होतो, ते नको म्हणाले, असं त्यानं सांगितलं. वर शिडीवरून ते गाणं म्हणत होते. जातानाही मला टोचून गेले, तो म्हणाला.

“बारा झाल्याचं कशावरून म्हणता?”

“समोर घड्याळच होतं की. शंकूची सावली मधल्या रेघेवर आली होती. अण्णा वरून म्हणाले, बारा झाले, जा, जेवून घे. तेवढ्यात भोंगा झाला.”

वहिनींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सगळ्यांना अंगणात बोलावलं. भाऊजी पुन्हा आपल्या जागी जाऊन टेकले.

भोंगा झाला.

“दादा, सावली दाखवा,” वहिनी म्हणाल्या.

दादानं मान वर केली. अंगण उन्हानं पांढरं पडलं होतं, पण भिंतीचं हे अंग वरपासून खालपर्यंत काळवंडलेलं होतं. शंकू होता, रेघा होत्या. सावली नव्हती.

“हे अंग दक्षिणेकडचं,” वहिनी सावकाश बोलू लागल्या. “या दिवसांत इथं सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. दिवसभरात या बाजूला उन्हाचा कवडसाही येत नाही. म्हणून तर भाऊजी सकाळपासून इथं गारव्याला बसलेत.”

भाऊजी हळूच उठले. “मला वाटलं, एवढी सावली आहे म्हणजे घड्याळ चालू असेल.”

वहिनी दादाकडे वळल्या.

“थंडीत इथं सावली मधल्या रेघेवर येते. ती तुम्ही पाहिली होती, तीच आठवून सांगितलीत. त्या दिवशी निघताना तुम्ही वर पाहिलंच नाही, दादा. कारण वर अण्णा नव्हते.”

दादा खाली फरशीवर बसला. “थोरला निजला, म्हणत होते. धाकट्याच्या हाती दोरी. मी हात जोडून उभा, आणि ते वर ते गाणं म्हणतायत. मी घर सोडलं ते अजून मनात धरून. मला फक्त त्यांना गप्प करायचं होतं. शिडी एकदाच हिसकली मी.”

वहिनींनी भाऊजींना चौकीवर फोन करायला सांगितलं. भाऊजी एकही तर्क न काढता गेले.

मग बारकूनं दादाला दंडाला धरून उठवलं आणि भिंतीला वळसा घालून मागे नेलं. तिथं लख्ख ऊन होतं. लहान घड्याळावर लांब, बारीक सावली मधल्या रेघेला टेकायला आली होती.

“हा धाकटा,” बारकू म्हणाला. “अण्णा तुला नव्हते म्हणत रे. भिंतीला म्हणत होते.”

दादा बघत राहिला.

“तू थंडीत येतोस, तेव्हा थोरला जागा असतो. तू येशील तेव्हा रेघा ताज्या दिसाव्यात, म्हणून दर उन्हाळ्यात शिडीवर चढायचे.”

दादानं रेघेवर तळहात ठेवला. सावली त्याच्या बोटांवर चढली, आणि हळूहळू पलीकडे उतरली.