शिवणमावशींना येणारा दुसरा फोन

हसणार नसशील तर सांगते. आणि तो दिवा राहू दे इथेच, जवळ.

एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून गप्पा मारायच्या, हे आमचं काम. पगारबिगार काही नाही, हौस. दुपारी एका छोट्या ऑफिसात बसायचं आणि फोन लावायचे. माझ्या वाट्याला शिवणमावशी आल्या. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता शेवटच्या मजल्यावर एकट्या. गुडघे गेले, तरी मशीन सुटलं नव्हतं. मी त्यांची ‘फोनवाली’. घरी जायचं नाही आणि ठरलेल्या वेळेखेरीज फोन करायचा नाही, असा आमचा नियम होता.

त्या बोलायला लागल्या की मला गुंगी यायची. मशीनची घरघर, मध्येच दातानं दोरा तोडल्याचा बारीक आवाज, आणि त्यांचं ते संथ, लांबत जाणारं बोलणं. मी मात्र पहिल्यापासून तापट. त्यांनी औषध चुकवलं की फाडफाड बोलायचे. त्यांना त्याची मजाच वाटायची.

एकदा म्हणाल्या, “दुपारी तू घाईत असतेस गं. संध्याकाळी कशी निवांत बोलतेस!”

“संध्याकाळी? मी कधी केला फोन?”

“रोज तर करतेस.”

वय झालं, दुसरं काय, असं मला वाटलं. तरी आमचं काम बघणाऱ्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आपल्याकडून तुझ्याशिवाय कुणीच त्यांना फोन करत नाही. मग मी मावशींना खोदून विचारलं, काय बोलते ती?

“गोड बोलते. झोपेतून बोलल्यासारखा येतो तुझा आवाज. आज संध्याकाळी गच्चीवर या म्हणालीस काल. कठड्यापाशी उभ्या राहा, खाली मी दिसेन...”

मी ताईंना हाक मारून सगळं सांगितलं. तो कठडा जेमतेम गुडघ्याएवढा आहे, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ताईंनी घाईघाईनं त्यांच्या शेजारणीला फोन लावला. ती कामावर होती, निघते म्हणाली, पण पोचायला वेळ लागणार होता. तोवर मावशींना बोलण्यात गुंतवून ठेवायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

मी बोलत राहिले. वाट्टेल ते. नवऱ्याचं घोरणं, सासूबाईंची कवळी, बिघडलेला कुकर. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी. ताई शेजारणीला आणायला निघून गेल्या. रिकाम्या खुर्च्यांवरून पंख्याचा वारा येत होता आणि त्याला ओल्या कापडावर इस्त्री फिरवल्यासारखा वास होता. मला वाटलं, मीच झोपेत आहे.

“थांब गं,” मावशी म्हणाल्या. “दुसरा फोन येतोय... तुझाच आहे.”

“उचलू नका.”

“पण वाट बघत असशील ना तू... खाली...”

“मावशी, खरी मी आहे. ही, आत्ता बोलतेय ती!”

“तीही हेच म्हणते.” खुर्ची सरकली. काठी टेकल्याचा आवाज आला. “येते हं जाऊन.”

मी किंचाळलेच. “अहो, अक्कल गहाण टाकलीय का? गुपचूप बसा खुर्चीत! एक पाऊल टाकाल तर याद राखा!”

काठी थांबली. मग मावशी खुदकन हसल्या. “ही तूच. ती मेली कधी रागवत नाही.”

मला रडूच कोसळलं. थोड्या वेळानं शेजारीण आणि ताई पोचल्या, गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. त्या रात्री मी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. मशीन बंद होतं. मावशी अगदी खुशीत.

“किती चिडलीस गं काल रात्री!”

“रात्री नाही हो, संध्याकाळी.”

“नाही, त्यानंतर. शेजारीण गेल्यावर. मी घराच्या दाराची कडी लावते म्हटलं, तर केवढी ओरडलीस! अक्कल गहाण टाकलीय का म्हणालीस. मी येणार आहे, दार उघडं ठेवा... मग ठेवलंय उघडं. तूच होतीस, माझी खात्रीच पटली.”

“मावशी... आधी ते दार लावा. आत्ता...”

त्यांचं लक्षच नव्हतं. तोंड फोनपासून बाजूला करून त्या म्हणाल्या, “आलीस? ये, बस. तुझ्याशीच बोलतेय बघ.”

त्यांच्याजवळ कुणीतरी खुर्ची ओढली. मग मला माझाच आवाज ऐकू आला. माझ्यासारखाच चिडलेला.

“ठेवा बघू तो फोन.”