जानूची पाठ

एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. कामगारांच्या आरोग्याची पाहणी करायला मुंबईहून आलेली चंपा पहिल्याच सकाळी सळ्यांच्या ढिगाला अडखळली. एका रापलेल्या हातानं तिला सावरलं.

“जपून, बाई. ह्या सळ्या कोनाला सोडत नाय.”

तो जानू. पोलादपूरकडच्या वाडीतला, सळ्या तारेनं बांधणारा.

चंपाचं काम साधं होतं. कोण किती वेळ वाकतो, किती वेळ उकिडवा बसतो, ते घड्याळ लावून लिहायचं. कामगारांच्या पाठी कशानं जातात, ते त्यातून दिसणार होतं. पण जानूची नोंद काही जमेना. ती समोर आली की तो ताठ! जमिनीवरची तार पिळतानासुद्धा पाटावरच्या नवरदेवासारखा.

“रोज असंच काम करता?”

“रोज.”

“खोटं.”

तो हसला. “तुमी बगता ना... मंग वाकवत नाय.”

चंपाची कानशिलं तापली. तरी तिनं त्या नोंदीवर फुली मारलीच.

मुकादम कुशाबा मात्र खूश होता. “लिवा बाई, आमच्या मानसांना काय होत नाय. जानूलाच बगा, खांब हाय खांब!”

दुपारच्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीमागं गेली, तर जानू पिंपावर दोन्ही हात टेकून उभा. कंबर सरळ होत नव्हती.

“कधीपासून हे?”

“दोन वर्सं. रविवारी सव गावच्या गरम पान्याच्या कुंडात बसतो, तवा सोमवारी उटवतं.”

“आणि मला ताठ बसून दाखवत होता?”

“मोडक्या पाठीचा मानूस...” तो खाली बघत म्हणाला, “कुनाला आवडंल?”

“ते मी ठरवीन.” तिनं वही उघडली. “पण तुम्ही नाटक केलंत तर सळ्या ठेवायला कंबरेएवढी लाकडी घोडी कुणालाच मिळणार नाही. सगळे असेच जमिनीवर वाकतील.”

पुढचे तीन दिवस जानू खराखुरा वाकला. आठ तासांत सहा तास. बघवत नव्हतं, तरी तिनं नजर हटवली नाही.

चंपाचा अहवाल वाचून कारखान्याच्या साहेबांनी ठेकेदाराला लाकडी घोड्या करायला लावल्या. सळ्या वर ठेवून उभ्यानं बांधता येऊ लागल्या. कुशाबा दोन दिवस कुरकुरला, मग गप्प झाला.

चंपा निघाली त्या सकाळी जानू महाडच्या एसटी स्टँडवर आला. अंगात धुतलेला सदरा.

“परत कदी?”

“तीन महिन्यांनी. पाठी तपासायला.”

“आनि तपासनी नसती तर?”

गाडी सुरू झाली. कंडक्टरनं दार ओढलं. चंपा खिडकीशी सरकली.

“तर पुढच्याच महिन्यात आले असते,” ती म्हणाली. मग थांबून, “...तपासणी असली तरी येतेच.”