ऊन उतरल्यावर

डोक्यावर कुणीतरी छत्री धरली, तेव्हा ती डोळे मिटून झाडाखाली उभी होती.

"भिजाल ना..." मागून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. खाकी कपडे, नवे कोरे बूट, हातात भली मोठी काळी छत्री... आठच दिवसांपूर्वी बदली होऊन आलेला वनरक्षक! सगळ्या रानात बारीक टपटप चाललं होतं, आणि स्वारी स्वतः मात्र छत्रीबाहेर उभी.

"हात पुढे करा," ती म्हणाली.

त्यानं केला. तळहातावर चार काळे दाणे पडले.

"हा पाऊस नाही. वर लाखो अळ्या पानं खातायत. आणि खाल्लं की... पुढचं ओघानं आलंच."

त्यानं हात असा काही झटकला की छत्रीच उडाली. ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

कारण हसण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. वनखात्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती दोन वर्षं या अळ्या पाळत होती आणि त्यांना एक विषाणू चारत होती. तो फक्त याच अळीला मारायचा. माणसाला, पाखराला, मधमाशीला त्याचा काडीचा त्रास नव्हता. मेलेल्या अळ्या पाण्यात वाटायच्या, गाळायच्या, ते पाणी बाटल्यांत भरायचं आणि पानांवर फवारायचं, असा सगळा खटाटोप. लोक तिला 'अळीवाली' म्हणत. आई फोनवर म्हणे, "लोकांच्या मुली संसाराला लागल्या, अन् आमची अळ्यांच्या नादी!" आता साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत अळी मेली नाही, तर सोमवारपासून विषारी औषध, आणि खोलीला कुलूप. त्या विषानं अळीबरोबर पाखरंही जाणार होती.

शनिवारी सकाळी तिनं विषाणूची बाटली फवारायला त्याच्या हाती दिली. "संध्याकाळी मारा हं. ऊन उतरल्यावर."

दुपारी तो दारात हजर. घामाघूम, आणि चेहरा नुसता फुललेला. "झालं काम! अकरा वाजताच उरकून टाकलं."

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. "अकरा वाजता? अहो, उन्हात विषाणू मरतो! म्हणून तर सांगितलं होतं ना मी?"

"मला वाटलं, आम्हाला उन्हाचा त्रास नको म्हणून सांगताय..." तो चाचरला. "आणि मला संध्याकाळ मोकळी हवी होती."

"कशाला?"

"तुम्हाला... चहाला विचारायचं होतं."

रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी गालही तापले. त्याचा तिला आणखीनच राग आला. फ्रीजमध्ये मेलेल्या अळ्यांची शेवटची बरणी उरली होती. तिनं ती दगडी खलाशेजारी आदळली. "वाटा!"

ज्या हाताला चार दाणे सोसवले नव्हते, त्याच हातानं तो काळपट लगदा निमूट वाटत बसला. वास असा की कुणीही पळ काढावा. पण त्यानं नाक मुरडलं नाही, मान वर केली नाही. तिचा राग नेमका कधी विरघळला, ते तिलाही कळलं नाही.

रविवारी ऊन उतरल्यावर दोघं चढण चढले. पंप त्याच्या पाठीवर, लांब नळी तिच्या हातात. कोवळ्या पानांवर बारीक तुषार पसरत होते, फांद्यांतून शेवटचा पिवळा उजेड झिरपत होता. एकदा तिचा पाय घसरला, त्यानं चटकन हात धरला, आणि पाय सावरल्यावरही तो सोडायचं दोघांच्या लक्षात आलं नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार... टपटप चालूच! गुरुवारी साहेबांनी विषाची पिंपंसुद्धा आणून ठेवली. शुक्रवारी सकाळी ती जड हातांनी सामान खोक्यात भरायला बसली, तोच दारात तो उभा. धापा टाकत, छत्री घेऊन.

"चला."

"कुठे? साहेबांनी बोलावलंय?"

"चला तर!"

रानात धुकं दाटलं होतं. त्याच झाडाखाली त्यानं छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. "डोळे मिटा. काय ऐकू येतं?"

तिनं कान दिला. छत्रीवर एकही दाणा पडत नव्हता. लांब कुठेतरी एक पाखरू बोलत होतं... बस्, तेवढंच. तिनं छत्री बाजूला सारून वर पाहिलं. पानापानाच्या कडेला अळ्या खाली डोकं करून लटकत होत्या. मऊ, काळ्या पडलेल्या, मेलेल्या. इतकं सुंदर काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"लोक फुलं दाखवतात," ती रडता रडता हसली.

"फुलं काय, कुणीही दाखवेल." तो थांबला. "साहेबांनाही अजून सांगितलं नाही. आधी तुला... म्हणजे तुम्हाला..."

"तुला चालेल."

"आधी तुलाच दाखवायचं होतं. मला तू आवडतेस गं. अळ्यांसकट."

छत्रीच्या दांड्यावरच्या त्याच्या हातावर तिनं आपला हात ठेवला. "आणि मला तू. त्या वाया घालवलेल्या बाटलीसकट."

"मग तो चहा... आत्ता?"

"अंहं. ऊन उतरल्यावर. आणि अकरा वाजता उगवू नकोस!"

साहेब स्वतः येऊन झाडं बघून गेले. पिंपं आली तशी परत गेली, आणि खोलीला कुलूप लागलं नाही.

तो शहाण्यासारखा ऊन उतरल्यावरच आला. ती मात्र अकरा वाजल्यापासून तयार होऊन बसली होती.