किल्लेदार

बसा रे दहा मिनिटं. आणि ती गाडीची किल्ली खिशात कशाला? इथे समोर ठेवा. रियाधला आमच्या कॉलेजचा एक होता, कुमार. त्याच्या घरी घडलेली गोष्ट. ऐकीव नाही, तेव्हा मी तिथे होतो.

नऊ मार्च दोन हजार सहा, गुरुवार. तिकडे शुक्रवारची सुट्टी, म्हणून आमचा हॉस्टेलचा कंपू गुरुवारी रात्री जमायचा. त्या दुपारी कुमार बत्ह्याच्या बाजारात जाऊन झाकणाचा एक स्टीलचा डबा घेऊन आला. दुकानदाराला वाटलं, पोळ्यांसाठी. डबा होता किल्ल्यांसाठी.

त्याचं असं की, सौदीत दारूबंदी. सापडलात तर तुरुंग, इकामा म्हणजे राहायचा परवाना रद्द, नोकरी गेली. तरी चोरून गाळलेली मिळायचीच. तिला म्हणायचे 'सदीकी', म्हणजे 'माझा मित्र'. असल्या मित्राला आवर हवा, म्हणून हॉस्टेलचा नियम आम्ही तिकडेही नेला: प्याला तो पायी. दर खेपेला एकाने थेंबही घ्यायचा नाही. तो किल्लेदार. सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या त्याच्या डब्यात, सकाळच्या चहाआधी परत नाही. मध्यरात्री मात्र कोणीतरी हात जोडून म्हणायचं, "किल्लेदार, किल्ली द्या." किल्लेदाराने म्हणायचं, "गडाचे दरवाजे बंद झाले." मागायची पद्धत होती. द्यायची नव्हती.

त्या रात्री किल्लेदार होता कुमार.

आणि सुमीत आला होता. अबकैकच्या तेलाच्या प्लांटवरून, साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकत. त्याच्या किल्लीला पितळी घुंगरू बांधलेलं, डब्यात पडली तेव्हा छान वाजली. सुमीत बोलायला लागला की ताटातलं गार व्हायचं, असा माणूस. कुमारची बायको आसावरी कॉलेजात त्याच्याबरोबर नाटकात काम करायची. एवढंच. त्यापुढे काही नाही, हे कुमारलाही ठाऊक होतं. पण मत्सराला पुरावा लागतो कुठे?

जेवणानंतर आसावरीने चहा केला. एकेकाला साखर विचारत आली. कुमारलाही विचारलं, "तुला किती?" लग्नाला अकरा वर्षं झालेल्या नवऱ्याला! आणि सुमीतपुढे मात्र न विचारता कप ठेवला. बिनसाखरेचा.

"अजून लक्षात आहे होय?" सुमीत हसला.

"विसरेन कशी?" ती म्हणाली.

कुमारच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चेहरा मात्र हसरा ठेवला त्याने.

पुढचं कुमारनेच नंतर सांगितलं, कारण आम्ही तेव्हा घोरत पडलो होतो. एक वाजून दहा मिनिटांनी सुमीत झुलत उठला. हात जोडले. "किल्लेदार, किल्ली द्या."

कुमारने डबा उघडला. किल्ली काढली. त्याच्या हातावर ठेवली.

सुमीत बघतच राहिला. "अरे... दरवाजे बंद ना?"

"तुला कोण अडवणार? तुला सगळी दारं उघडीच."

सुमीतचं हसू मावळलं. मानी होता. किल्ली मुठीत आवळली आणि निघाला. 'थांब' हा एक शब्द कुमारच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला.

पहाटे परतताना दम्मामच्या रस्त्यावर, उभ्या ट्रेलरखाली... संपलं सगळं.

"माझा डोळा लागला होता. त्यानेच डब्यातून घेतली," कुमारने सांगितलं. आसावरीने एकदाच विचारलं, "खरं?" तो म्हणाला, "खरं." सदीकीने घात केला, म्हणून सगळे हळहळले. कुमार मान हलवायचा. खोटं नव्हतंच ते.

गाडीतली किल्ली पोलिसांनी माझ्याकडे दिली. घुंगरासकट. मी ती स्वतः साताऱ्याला नेऊन सुमीतच्या आईच्या हातात ठेवली. हे ध्यानात ठेवा.

वर्ष झालं. आठ मार्च, पुन्हा गुरुवार. त्याची आठवण म्हणून कुमारकडे जमलो. कोणी प्यालं नाही. त्यामुळे किल्ल्या ज्याच्या त्याच्या खिशात, आणि डबा फळीवर रिकामा. मीच पुसून ठेवला होता.

एक वाजून दहा मिनिटं.

बेल वाजली.

कुमारने इंटरकॉम उचलला. "कोण?"

नुसती खरखर... वारा असावा...

"किल्लेदार... किल्ली घ्या."

सगळ्यांनी ऐकलं. द्या नाही. घ्या.

कुमारने दार उघडलं. दिव्याखाली रस्ता. रिकामा. थंडी. कोणी नाही...

आणि आत, फळीवर, घुंगरू वाजलं. एकदाच.

कोणी हललं नाही. आसावरी उठली. डबा उतरवला. झाकण काढलं. बराच वेळ आत बघत राहिली.

"कुमार, वस्तू परत कोणाला करतात?"

त्याने दार लावून घेतलं.

"ज्याने दिली त्याला ना?"

मग सगळं सांगितलं त्याने. चहाचंसुद्धा. आसावरी रडली नाही, ओरडली नाही. "मला नुसतं विचारायचं होतंस रे," एवढंच म्हणाली आणि आत गेली. पुढे ती त्याच्या घरात राहिली नाही.

डबा तसाच उघडा होता. शेवटी मीच हात घातला. मार्चची रात्र, डब्याचं स्टील गार पडलेलं...

किल्ली कोमट होती. कोणीतरी मुठीत आवळून आणल्यासारखी.